नारळ एकच, नियम वेगळे


ठाण्यातले बेने इस्रायल ज्यू ‘आपल्यासारखंच खातात’, हे आपल्या वाचकाचे मत मला पटत नाही. चेंदणी कोळीवाड्यात कोलंबी-खेकड्याशिवाय पाहुणचार नाही. टेंभी नाक्याच्या परिसरात 1879पासून उभ्या असलेल्या सिनेगॉगमधल्या भाविकांना मात्र दोन्ही वर्ज्य. पर आणि खवले असलेलाच मासा चालतो. मटणात दही-दूध नाही, म्हणून रश्श्याला नारळाचे दूध. नारळ कोकणाचा, नियम ‘तोरा’ या ज्यू धर्मग्रंथाचा! प्रेषित एलियाहू हनबीच्या नावाने होणाऱ्या ‘मलिदा’ या विधीतले गोड पोहे पाहा. जगातले इतर ज्यू ते सहसा जाणत नाहीत. शेजाऱ्यांचे हे वेगळेपण ‘सारखेच’ म्हणून पुसून टाकणे अन्यायाचे आहे. ठाणेकरांनी त्यांच्या पाककृती आवर्जून विचारून, लिहून ठेवाव्यात.
– एक वाचक, ठाणे