खाडीचें पाणी आणि फुकटचें इंधन

“खाडी दारांत, ऊन डोक्यावर, मग पाण्यांतून हायड्रोजन काढून गाड्या हांकावयास अडचण ती कसली?” असा प्रश्न ठाण्या-डोंबिवलीच्या सुशिक्षित मंडळींत वरचेवर कानीं पडतो. २०२३ सालीं केंद्र सरकारनें हरित हायड्रोजनची राष्ट्रीय योजना मंजूर केल्यापासून तर या उत्साहास भरतेंच आलें आहे. भाईंदरच्या मिठागरांतही पाणी व ऊन फुकटच. म्हणून मीठ कोणीं फुकट वांटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

या मंडळींनीं हिशेबच उलटा मांडला आहे. एक किलो हायड्रोजनास पाणी लागतें सुमारें ९ लिटर. वीज मात्र लागते ५० युनिटांच्या घरांत. तेवढें खारें पाणी गोडें करावयास युनिटाचा दहावा हिस्साही पडत नाहीं. मग समुद्रानें वांचविलें तें काय? उलट तें पाणी तसेंच यंत्रांत घातलें तर त्यांतील मिठामुळें धनाग्रावर प्राणवायूबरोबर विषारी क्लोरीन सुटूं लागतो. आणि रसायनांचा शेजार म्हणजे काय, हें २०१६ व २०२४ च्या स्फोटांनंतर डोंबिवलीकरांस आम्हीं सांगावयास नको.

वीज नकोच, ऊनच थेट कामास लावूं, असेंही कोणी म्हणतात. फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं टायटॅनियम डायॉक्साइडच्या साह्यानें प्रकाश पाणी फोडतो हें दाखविलें, तें अपूर्व खरेंच. परंतु जपानांतच शंभर चौरस मीटरांवर उभारलेल्या, २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उन्हाचा शेंकडा एक हिस्साही हायड्रोजनांत उतरला नाहीं. गच्चीवरचें साधें सोलर पॅनेल शेंकडा वीसच्या आसपास वीज देतें.

तीच वीज पंख्यास व पाण्याच्या पंपास सरळ द्यावयाची सोडून तिचा हायड्रोजन करावयाचा व त्याची पुन्हां वीज! या द्राविडी प्राणायामांत ५० युनिटांतील सोळा-सतराच हातीं उरतात.

हायड्रोजन नकोच असें आम्ही म्हणत नाहीं. याच खाडीकांठीं ट्रॉम्बे येथें खताच्या कारखान्यांत नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून अमोनिया करीत आले आहेत. तेथें नुसत्या विजेनें भागत नाहीं, हा वायु पाहिजेच. तो उन्हाच्या विजेनें निघाला तर आम्हीच आधीं पेढे वांटूं.

आमच्या सोसायटीच्या सभेंत गच्चीवर पॅनेलें बसविण्याचा ठराव तीनदां पुढें ढकलला गेला. वर्गणीचा प्रश्न निघतांच सभासद घड्याळाकडे पाहूं लागले. सभा संपल्यावर चहा आला, आणि समुद्रांतून इंधन काढण्याची चर्चा चांगली तासभर रंगली.