झाकण बदलता येते, तळ नाही

पोलादाचा रस साच्यात ओतला की तो एकदम गोठत नाही. आधी गोठणारे स्फटिक कार्बन कमी घेतात. उरलेल्या रसात कार्बन साठत जातो, तो हलका होतो आणि स्फटिकांच्या फांद्यांमधून वाट काढत वर सरकतो. ठोकळा जितका मोठा, तितका या वाहण्याला अवधी जास्त. म्हणूनच माथ्याचा कार्बनबहुल भाग कापून टाकतात.

फ्रान्समधील फ्लामानव्हिल-3 अणुभट्टीच्या पात्राचे झाकण आणि तळ घडवताना ही कापणी पुरेशी झाली नाही. तशाच एका झाकणाच्या तपासणीत 0.22 टक्क्यांच्या अपेक्षित मर्यादेऐवजी 0.30 टक्के कार्बन सापडला. चिवटपणाच्या चाचणीत सरासरी 52 जूल भरले. नियमाला 60 हवे होते. हे एप्रिल 2015 मध्ये जाहीर झाले. पात्र मात्र जानेवारी 2014 मध्येच बसवून झाले होते.

दोष पुन्हा तापवून जात नाही. उष्णतेत कार्बन फार तर काही मिलिमीटर सरकतो आणि इथली असमानता त्याहून कितीतरी पट रुंद होती. मग पात्र उपसून काढायचे की वापरायचे? वापरा म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही: नमुन्यांवरील पुढच्या चाचण्यांत, तडा अचानक फाकू नये इतका चिवटपणा शिल्लक दिसला. विरोधकांचेही खरे आहे. पात्र फुटणार नाही, हे अणुसुरक्षेचे गृहीतकच आहे. तिथे ‘चालेल’ची सवय लागणे घातक.

फ्रेंच नियामकाने ऑक्टोबर 2017 मध्ये दोन्ही भागांना वेगळा न्याय लावला. तळाची वेळोवेळी तपासणी करता येते, म्हणून तो राहू दिला. झाकणाची तशी तपासणी होईल याची खात्री नव्हती, म्हणून ते 2024 अखेर बदलायला सांगितले. भट्टी सुरू व्हायलाच सप्टेंबर 2024 उजाडले आणि झाकणाला मुदतवाढ मिळाली. तरीही ‘तपासता येईल तेच ठेवा’ ही कसोटी आम्हाला योग्य वाटते.

मात्र ती वापरण्याची वेळ येणे, हेच अपयश आहे. जैतापूरसाठी याच जातीच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत. त्या उभारायच्या की नाही, हा वाद वेगळा. उभारायच्याच ठरल्या, तर प्रत्येक मोठ्या घडीव भागाच्या कार्बनची मोजणी कारखान्यातच, भारतीय नियामकाच्या देखत व्हावी आणि तिचा अहवाल हाती आल्याशिवाय तो भाग जहाजावर चढू नये. करारात हे कलम आजच घालता येते.