विश्लेषण : तळोज्यातील कुत्र्यांचा निळा रंग दिसला, ताण कोणाला दिसणार?

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतील काही भटके कुत्रे निळे झालेले दिसले. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाकडे बोट दाखवले गेले. प्राणिप्रेमींनी तक्रार केली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. रंग डोळ्यांना दिसला, म्हणून कारवाई झाली. कुत्र्यांवरचा ताण दिसत नाही. त्याचे परिणाम मात्र माणसांपर्यंत पोहोचतात.

ताणाने काय होते?

धोका जाणवताच शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवते. पळायला किंवा झुंजायला बळ मिळते. धोका टळला की शरीर पूर्ववत होते. पण धोका रोजचाच असेल, तर कॉर्टिसॉल चढे राहते, प्रतिकारशक्ती घटते, जखमा लवकर भरत नाहीत. प्राणी बुजरा तरी होतो किंवा चटकन अंगावर येणारा.

कळपाशी संबंध काय?

संशोधक रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियातील बबून माकडांचा अनेक वर्षे अभ्यास केला. कळपातील उतरंड स्थिर असताना खालच्या नरांमध्ये ताण अधिक आढळला. उतरंड विस्कटली की वरचे नरही त्यात सापडले. भटक्या कुत्र्यांच्याही टोळ्या आणि हद्दी असतात. काहींना उचलून भलतीकडे सोडले, की नव्या हद्दीसाठी भांडणे सुरू होतात.

मग उपाय कोणता?

रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराची भीती खरी आहे. रेबीज तर जीवघेणाच आहे. म्हणूनच निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्याला मूळ जागी सोडावे, असे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ रोजी, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्रे वगळून, हीच दिशा दिली. नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांची रवानगी निवाऱ्यात करायची आहे. तेथे अनोळखी कुत्रे एकत्र कोंबले, तर ताण आणि आजार दोन्ही वाढतील. त्यामुळे पुरेशी जागा, टोळीनुसार विभागणी आणि पशुवैद्य आधी हवेत, पिंजरागाडी नंतर. कुत्र्याला स्वस्थ ठेवणे हा प्राणिप्रेमाचा चोचला नाही. रस्ता सुरक्षित करण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.