वयाचा दाखला आणि धुराचा हिशेब

दहा वर्षांवरील डिझेल गाडी राजधानीच्या रस्त्यावर नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये बजावले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अंमलबजावणीचा मुहूर्त मात्र उजाडला तो १ जुलै २०२५ रोजी. त्या दिवसापासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन मिळणार नव्हते. कॅमेरे बसले, पोलीस उभे राहिले, आणि आठवडा उलटायच्या आत सरकारनेच माघार घेतली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाकडे बोट दाखवून मालकांवर कारवाई करू नये असे सांगितले. डिसेंबरात हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते राखले. या साऱ्या धरसोडीतून एक गोष्ट अखेर मान्य झाली. ती म्हणजे गाडीचा जन्मदाखला हा तिच्या धुराचा हिशेब नव्हे. परंतु या वादात एक प्रश्न कोणीच विचारला नाही: जे जुने इंजिन चालणारच आहे, त्याच्या टाकीत काय ओतायचे?

ते चालणारच आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. दिल्लीने नाकारलेली गाडी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात जाते आणि तेथे आणखी काही वर्षे धूर ओकते. विहिरीवरचे ऑइल इंजिन, जुना ट्रॅक्टर, वीज गेल्यावर धडधडणारे जनित्र यांना तर दहा वर्षांची अट कधी शिवलीच नाही. देशात वर्षाला नऊ कोटी टनांच्या आसपास डिझेल जळते, पेट्रोल त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही जैवइंधनाचा सारा गाजावाजा पेट्रोलच्या वाट्याला आला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला, तर डिझेलमधील जैवडिझेलचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली रेंगाळले. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही आणि दाबाखाली सहज पेटत नाही, त्यामुळे उसाच्या मळीची ही वाट येथे बंद होते. आता आयसोब्युटेनॉलच्या चाचण्यांची भाषा सुरू झाली आहे. तिचे काय व्हायचे ते होवो. मधल्या काळात जुने इंजिन थांबलेले नाही.

या इंजिनाला पर्यायी इंधनाचे वावडे नाही, हे त्याच्या जन्मापासून ठाऊक आहे. पॅरिसच्या १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. जुन्या इंजिनाचा यांत्रिक पंप आणि त्याची संथ गती यांमुळे ते आजच्या संगणक-नियंत्रित, अतिदाबाच्या इंजिनाहून अधिक सोशीक असते, हेही खरे. परंतु सोशीकतेचा अर्थ वाटेल ते पचवणे असा होत नाही. कच्चे वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहा-बारा पट दाट असते. त्याचा फवारा नीट उडत नाही. अर्धवट जळालेले तेल नोझलवर कोळशासारखे साचते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, वंगणात उतरून ते त्याचा चिकट गोळा करते. पहिले काही तास इंजिन गोड चालते. बिल येते ते काही महिन्यांनी, आणि तेही शेतकऱ्याच्या किंवा एका ट्रकवर पोट असलेल्या मालकाच्या नावे.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. मिथेनॉल आणि अल्कली यांच्या साह्याने तेलातील ग्लिसरीन वेगळे काढले की उरते ते जैवडिझेल. ते पातळ असते, मानकात बसते आणि डिझेलमध्ये सुखाने मिसळते. भारतीय मानकाने डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत जैवडिझेलला मुभा दिली आहे. गंधक काढल्यामुळे आजच्या डिझेलचा जो नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, तो थोड्याशा जैवडिझेलनेही भरून निघतो. जुन्या पंपासाठी हा आशीर्वादच. मात्र जुन्या इंजिनातील रबरी नळ्या आणि सील मोठ्या प्रमाणातल्या जैवडिझेलने फुगतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते आणि पहिल्याच आठवड्यात फिल्टर तुंबतो. नळ्या बदलणे आणि फिल्टर दोनदा पाहणे एवढी ही सोपी गोष्ट, पण ती वापरणाऱ्याला कोणी सांगतच नाही.

धुराचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सोयाबीन तेलापासूनच्या जैवडिझेलचे २० टक्के मिश्रण वापरल्यास धुरातील कण सुमारे १० टक्क्यांनी घटतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सुमारे २ टक्क्यांनी वाढतात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये काढला होता. लाभ आहे, पण माफक. जुन्या ट्रकला नव्या गाडीतील काजळी-गाळणीची जागा हे इंधन भरून देणार नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात भारत स्टेज-३ ट्रकला अभय मिळवून देण्यासाठी कोणी जैवडिझेलची ढाल पुढे करील, तर ती कागदी ठरेल.

मग घोडे अडले कोठे? सरकारच्या घाईत आणि त्यानंतरच्या विसराळूपणात. डिसेंबर २००२ च्या अखेरीस अमृतसर शताब्दीचे इंजिन ५ टक्के जैवडिझेलवर धावले. पुढच्याच वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, महायोजना मांडली. २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रण साधण्यासाठी एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर लागवड होणार होती. पडीक जमीन, पाणी नको, निगा नको आणि तेल मात्र भरपूर, असा हा चमत्कार होता. पाणी न दिलेले झाड जगले, पण बी धरेना. जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी जैवडिझेलला लिटरमागे २५ रुपये देऊ केले, आणि उत्पादकाचा खर्च त्याहून अधिक होता. २००९ च्या धोरणाने २० टक्क्यांचा वायदा २०१७ वर ढकलला. २०१८ च्या धोरणाने तो ५ टक्क्यांवर आणून २०३० ची तारीख दिली. लक्ष्य चौथाईवर आले तरी मुदत पुढेच सरकत राहिली.

या पोकळीत बनावट मालाने पाय पसरले. २०१९ मध्ये जैवडिझेलच्या किरकोळ विक्रीची नियमावली आली, आणि तिच्या आडून गुजरातच्या महामार्गांवर औद्योगिक द्रावणे जैवडिझेल म्हणून विकली जाऊ लागली. पुढे धाडी घालाव्या लागल्या. स्वस्त म्हणून ते भरणाऱ्या ट्रकमालकाचा पंप गेला, आणि बदनाम झाले ते खरे जैवडिझेल.

खरा कच्चा माल आपल्या उपाहारगृहांच्या कढईत आहे. पुनःपुन्हा तळलेल्या तेलाच्या वापरावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये मर्यादा घातली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलापासूनचे जैवडिझेल घेण्याची तयारी दाखवली. खाद्यतेलाच्या निम्म्याहून अधिक गरजेसाठी परदेशाकडे पाहणाऱ्या देशाने ताजे तेल इंजिनात जाळणे हा अविचार ठरेल. टाकाऊ तेल आणि करंजासारखे अखाद्य तेल वापरणे हा शहाणपणा होय. पण मोठ्या उपाहारगृहांचे तेल गोळा होते आणि गाड्यावरचे तेल पुन्हा कोणाच्या तरी भज्यात जाते, तोवर हा शहाणपणा कागदावरच राहील.

काय साधते, याचा धडा दिल्लीनेच दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशाने राजधानीच्या बसगाड्या सीएनजीवर गेल्या. आरंभीच्या रांगा, चालढकल आणि दंड यांतून २००२ च्या अखेरीस ते काम पुरे झाले. तेथे इंधनपुरवठा, मानक आणि कालमर्यादा यांचा एकत्र पाठपुरावा झाला. जैवडिझेलच्या नशिबी तारखा तेवढ्या आल्या.

तेव्हा नवी घोषणा नको. विहिरीवरची इंजिने आणि जनित्रे यांच्यासाठी प्रमाणित मिश्रण तालुक्याच्या पंपावर मिळावे. तेलाचा भाव डिझेलच्या भावाशी बांधावा. प्रत्येक टँकरची तपासणी व्हावी आणि भेसळीला पंपचालकाबरोबर पुरवठादारही जबाबदार धरावा. जुन्या गाडीचा निवाडा तिच्या मानकावर आणि प्रत्यक्ष धुरावर व्हावा. ज्या गाडीला दिल्लीत जागा नाही, तिला गया किंवा गोरखपूरची हवा खराब करण्याचा परवाना तरी का मिळावा? राजधानीच्या फुप्फुसांची काळजी जरूर वाहावी. पण तिने झटकलेली काजळी ज्याच्या अंगणात पडते, तोही याच देशाचा नागरिक आहे.