डाग नको, नालबंद हवा

इंग्लंडमधल्या जुन्या घोडेवैद्याच्या पेटीत पितळी म्यानात मिटणारे एक हत्यार हमखास असे. त्याला दोन-तीन पाती आणि प्रत्येक पात्याच्या कडेला त्रिकोणी टोचा. घोड्याच्या मानेवरची मोठी शीर बोटाने दाबून फुगवायची, टोचा तिच्यावर धरायचा आणि जड दांडक्याचा एक नेमका ठोका द्यायचा. चार-पाच लिटर रक्त बादलीत सहज पडे. मग जखमेच्या कडा टाचणीने जोडून टाचणीभोवती शेपटीचा केस गुंडाळत. हे सारे आजारी घोड्यांपुरतेच नव्हते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, धडधाकट घोड्यांचेही रक्त काढण्याची तिकडे रीत होती. वर्षभर दुखणे येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

आज अशी पेटी संग्रहालयात पाहणारा माणूस शहारतो आणि त्या काळचे सगळेच रानटी ठरवून पुढे जातो. हा निवाडा घाईचा आहे. त्याच पेटीत दात घासायची लांब दांड्याची कानस असे, खूर तासायची सुरी असे, पक्कड असे. थोड्या सुधारणांनिशी ही अवजारे आजही पशुवैद्य आणि नालबंद वापरतात. कोणते टिकले, कोणते गेले आणि का, हे समजून घेण्यासारखे आहे.

वरच्या ओठाला आवळायच्या फासाचेच पाहा. काठीच्या टोकाला दोरीचा फास, तो ओठावर घालून पीळ द्यायचा की उधळलेला घोडा स्तब्ध होतो. पाहणाऱ्याला तो छळच वाटतो. पण 1984 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की फास लावल्यावर घोड्याच्या रक्तात एंडॉर्फिनचे, म्हणजे वेदना शमवणाऱ्या नैसर्गिक द्रव्याचे, प्रमाण वाढते. मोतद्दारांच्या हाताला जे ठाऊक होते, त्याचे कारण प्रयोगशाळेला फार उशिरा सापडले.

डागणीची गोष्ट नेमकी उलटी. धावणाऱ्या घोड्याच्या पायाची कंडरा दुखावली की लोखंडी सळई लाल तापवून त्या पायावर ओळीने चरे द्यायचे. नवी जखम जुने दुखणे ओढून घेते, असा समज होता. डाग दिल्यावर घोड्याला काही महिने कामाला जुंपत नसत आणि तेवढ्या काळात पुष्कळ घोडे सुधारत. काम विश्रांतीने केले, मान सळईला मिळाला. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. डागण्याने कंडरा बरी व्हायला काहीही मदत होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. 1991 मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सने ही पद्धत व्यावसायिक नीतीला सोडून असल्याचे ठरवले. दात येताना शिंगराची टाळू सुजते आणि आपोआप ओसरते. तीही शतकानुशतके तापल्या लोखंडाने जाळली गेली.

आपोआप बरे होण्याचा असा आडोसा नालबंदाला कधीच मिळाला नाही. टापेचे बाहेरचे शिंगासारखे कवच निर्जीव असते, पण त्याच्या आत जिवंत मांस असते. खिळा केसभर आत गेला तरी घोडा लगेच किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगडतो आणि मालक त्याला घेऊन दारात उभा राहतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकावा लागतो. त्यामुळे आपल्याच कामाचा बरा-वाईट परिणाम नालबंदाला वारंवार पाहावा लागे. चूक लपत नव्हती म्हणून विद्या सुधारत गेली.

आधुनिक पशुवैद्यकाच्या पायाभरणीत भट्टी आणि ऐरण होती, ती याचमुळे. क्लोद बुर्जला यांनी फ्रान्समधल्या ल्यों शहरात जगातली पहिली पशुवैद्यक शाळा काढली. तिला 1761 मध्ये मंजुरी मिळाली आणि 1762 मध्ये ती सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांना शरीररचनेबरोबर नालबंदीही शिकावी लागे. 1791 मध्ये लंडनला असेच कॉलेज निघाले. पण 1794 पासून त्याची सूत्रे माणसांचा शल्यविशारद असलेल्या एडवर्ड कोलमन यांच्याकडे आली. त्यांना घोड्यांचा प्रत्यक्ष अनुभव फारसा नव्हता. लष्करी तबेल्यांत मोकळी हवा खेळवून त्यांनी असंख्य घोडे वाचवले, हे श्रेय त्यांचेच. मात्र अभ्यासक्रम त्यांनी काही महिन्यांवर आणला, आणि टेबलावर बसून आखलेला त्यांचा खास नाल घोड्यांच्या पायांना मानवला नाही.

ल्योंमध्ये शिकलेला इंग्रज पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट 1808 मध्ये कंपनी सरकारच्या बिहारमधल्या पुसा इथल्या अश्वपैदास केंद्रावर आला. त्याने नालांच्या पद्धतींवर पुस्तक लिहिले होते. लष्करात देशी घोडेवैद्यांना साळोत्री म्हणत. अशा लोकांना शिकवायला 1862 मध्ये पुण्यात शाळा निघाली आणि 1886 मध्ये परळला मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय उभे राहिले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. पशुवैद्यकाला भारतात पदवी, परिषद, कायदा सगळे मिळाले. नालबंद मात्र दाराबाहेरच राहिला.

महाराष्ट्रात त्याचे काम संपलेले नाही. माथेरानला आजही माणसे घोड्यावर बसून फिरतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना डांबरी रस्त्यावर पाय टिकावेत म्हणून खुरांना पत्री, म्हणजे बैलाचा नाल, मारावी लागते. हे हात बापाकडून मुलाकडे आलेले आहेत. उत्तम आहेत तिथे उत्तम, पण चुकीचे शिकलेल्याला सुधारणारा कोणी नाही. ब्रिटनमध्ये 1975 च्या कायद्याने नोंदणीशिवाय घोड्याला नाल ठोकता येत नाही. आपल्याकडे अशी नोंदणीच नाही.

नालबंदाला शिकवण्याचे आणखी एक कारण जास्त निकडीचे आहे. 2006 मध्ये महाराष्ट्रात पाचगणी आणि पुण्याकडच्या घोड्यांत ग्लँडर्सने पुन्हा डोके वर काढले. हा रोग माणसालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. लंडनच्या कॉलेजचे पहिले प्राध्यापक सेंबेल 1793 मध्ये त्यानेच गेले, असे मानले जाते. नाकातून येणारा चिकट स्राव, कातडीवरच्या गाठी ही लक्षणे घोड्याच्या पोटाखाली वाकून काम करणाऱ्याला लवकर दिसतात. डॉक्टरला बोलावतात ते दुखणे वाढल्यावर. नालबंद मात्र निरोगी जनावरालाही ठरल्या वेळी हात लावतो.

डागणी अजून सुटलेली नाही. लंगडणारा बैल किंवा घोडा डागून आणणारे लोक गावोगाव आहेत आणि मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर दिला जाणारा डाग, म्हणजे डंबा, अशाच समजुतीतून येतो. परंपरा म्हणून तिला सांभाळणे हा अन्याय आहे. परंपरेतलेच जे खरे ठरले त्याला वाऱ्यावर सोडणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे.

पशुसंवर्धन विभाग आणि नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांनी नालबंद आणि पत्री मारणाऱ्यांसाठी छोटा, प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम काढावा. त्यात खुराची रचना, रोगाची पहिली लक्षणे आणि हातमोज्यांचा वापर शिकवावा. शिकवायला पशुवैद्याच्या जोडीला एक मुरलेला नालबंदही असावा, आणि त्याला मानधन मिळावे. पहिला वर्ग सारंगखेड्याच्या यात्रेतच भरवावा, कारण घोडे, मालक आणि नालबंद तिथे आपणहून एकत्र येतात.