रान दाराशी, नकाशा आकाशात



आदिलाबाद जिल्ह्यातील एका मराठी कुटुंबातील वडिलांचे पत्र आमच्या हाती आले आहे. त्यांची कन्या वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. आता पुढील दोन वर्षे तिला असा विषय शिकावयाचा आहे की, ज्यात निम्मे रान आहे आणि निम्मा संगणक. वडील लिहितात, "फादर, मुलगी म्हणते रानाचा नकाशा उपग्रहावरून काढतात. रान तर आमच्या दाराशी आहे. ते पाहावयास आकाशात कशाला जावे? शेत गहाण टाकून शिकवावे, असे त्यात आहे तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. तो एका घरापुरता नाही, म्हणून या आठवड्याचे सारे सदर त्याच्यासाठी राखले आहे.

या विद्येला भूदृश्य परिसंस्थाशास्त्र असे भारदस्त नाव आहे. नावाला भिण्याचे कारण नाही. कार्ल ट्रोल नावाच्या जर्मन भूगोलज्ञाने १९३९ साली ते प्रथम वापरले. विमानातून घेतलेली छायाचित्रे अभ्यासताना त्याच्या ध्यानी आले की, झाड, जनावर, माती, पाणी ही सुटी सुटी अभ्यासून भागत नाही. ती एकमेकांच्या शेजारी कशी मांडली आहेत, हेही पाहिले पाहिजे. आपल्या घरची गोधडी डोळ्यांपुढे आणा. उटनूरकडील एखाद्या टेकडीवरून खाली पाहिले, तर तसेच दिसते: येथे सागाचे रान, तेथे कापसाचे शेत, पलीकडे ज्वारीचा तुकडा, मधून नाला आणि नाल्याच्या काठाने झाडी. हे शास्त्र विचारते, रानाचे ठिगळ केवढे? दुसरे ठिगळ त्यापासून किती दूर? आणि दोहोंना जोडणारी नाल्याकाठची शिवण शाबूत आहे की उसवली? शिवण उसवली की रानाचे क्षेत्रफळ कागदावर तेवढेच राहते, परंतु त्यातील जीव हळूहळू खुंटतात. नराला मादी मिळत नाही, पाण्यावर जाणारी वाट बंद होते.

याचा दाखला आपल्याच मुलुखातला आहे. यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या पलीकडे टिपेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे १४८ चौरस किलोमीटर. तेथील एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये संकेत पाठविणारा पट्टा बांधला गेला. जूनच्या अखेरीस तो वाघ निघाला. महाराष्ट्रातील जिल्हे आणि तेलंगणचा हा भाग तुडवीत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याची चाल ३,००० किलोमीटरांच्या वर गेली, आणि पट्ट्याने पाच हजारांहून अधिक ठिकाणी त्याची नोंद केली. ते ठिपके नकाशावर मांडल्यावर शास्त्रज्ञांना कळले की, वाघ केवळ जंगलातून चालत नाही. तो नाल्यातून, उभ्या पिकातून, रस्त्याच्या कडेने, बहुधा रात्री चालतो आणि दिवसा झुडपात पडून राहतो. एवढ्या प्रवासात माणसाशी त्याची झटापट एकदाच झाली, आणि तीही तो विसावलेल्या झुडपात माणसे शिरली तेव्हा. गावकऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या बांधावरून वाघ गेला याचा पत्ताही लागला नाही.

आता आकाशाकडे वळू. उपग्रह जे चित्र धाडतो ते आपल्या फोटोसारखे नसते. ते चौकटींचे बनलेले असते, आणि एका चौकटीत एकच रंग. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची परिचित चौकट तीस मीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे नऊ गुंठे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची चौकट दहा मीटरांची. ती जवळजवळ बरोबर एक गुंठा भरते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि त्यापलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश परत फेकते. या दोहोंची वजाबाकी करून यंत्र ठरविते की अमुक चौकटीत हिरवळ किती. हजारो चौरस किलोमीटरांचा हिशेब काही तासांत होतो. पायी फिरणाऱ्या वनरक्षकाला त्यासाठी जन्म पुरणार नाही. म्हणून ही विद्या थोर आहे, यात शंका नाही.

परंतु ती फसते कोठे, हे आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावे. साग उन्हाळ्यात पाने गाळतो. एप्रिलमधील चित्रात सागाचे दाट रान आणि नांगरून ठेवलेले शेत सारखेच उजाड दिसू शकतात. ज्याने सागाचे रान पायांनी तुडविले आहे, तो निरनिराळ्या ऋतूंची चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय निकाल देणार नाही. दुसरी गंमत अशी की, डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून वनस्थितीचे अहवाल काढीत आली आहे. त्यांत एक हेक्टर वा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची छाया दहा टक्के वा अधिक पडली, की ती जागा वनाच्छादनात मोजली जाते, मग मालक कोणी का असेना. याचा अर्थ तुमची आमराई त्या हिशेबात वन ठरते! पलीकडे खरे रान तुटले आणि अलीकडे आंब्याच्या बागा वाढल्या, तर कागदावर वन जसेच्या तसे. सर्वेक्षकांनी यात लबाडी केली असे नव्हे. त्यांनी व्याख्या उघड सांगितली आहे. ती वाचण्याचे कष्ट मात्र थोडेच लोक घेतात.

आता कळीचा मुद्दा. वाघांची वाट नकाशावर आखावयाची कशी? प्रत्येक चौकटीस एक अंक देतात. घनदाट रानास लहान अंक, कारण तेथून जाणे जनावरास सोपे, शेतास मोठा, वस्तीस व हमरस्त्यास त्याहून मोठा. मग संगणक एका जंगलापासून दुसऱ्यापर्यंत सर्वांत कमी बेरजेची वाट शोधून काढतो. गणित चोख असते. पण शेतास पाच द्यावयाचे की पन्नास, हे गणित सांगत नाही. ते अभ्यास करणारी व्यक्ती ठरविते. कापसाचे उभे शेत नोव्हेंबरात वाघाला लपण्यास सोयीचे आणि वेचणीला आलेल्या बायकांना घातक असते. तेच शेत मे महिन्यात मोकळे मैदान असते. हे ज्याला ठाऊक नाही, तो दोहोंस एकच अंक देऊन मोकळा होतो, आणि वाट भलत्याच गावाच्या शिवारातून निघते.

हे केवळ पुस्तकी नाही. पूर्वीच्या एकसंध आदिलाबाद जिल्ह्यात २०१२ साली कवाल व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. ताडोबाकडून कवालकडे येणारे वाघ त्यांपैकी कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातून येतात. त्याच भागात नोव्हेंबर २०२० मध्ये दोन तरुण जीव आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेतात कापूस वेचणारी एक तरुण स्त्री वाघाच्या हल्ल्यात गेली. ३० मे २०२५ रोजी तेलंगण शासनाने ४९ क्रमांकाचा आदेश काढून त्या जिल्ह्यातील सुमारे १,४९२ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले, वाघांची ही वाट अबाधित राहावी म्हणून. त्यात तीनशेंहून अधिक गावांचा प्रश्न होता. आदिवासी संघटनांनी कडाडून विरोध केला, आणि जुलै २०२५ मध्ये शासनाने तो आदेश स्थगित ठेवला. राखीव क्षेत्रास नाव दिले होते कोमरम भीम यांचे. रानावरील आपल्या लोकांच्या हक्कासाठी लढता लढता १९४० साली जोडेघाटला ज्यांनी देह ठेवला, त्यांचे! वाघाची वाट राहिली पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांच्या चुलीशेजारून ती वाट जाणार, त्यांनी ती प्रथम छापील आदेशात पाहावी, हे आम्हांस मान्य नाही.

कायदाही येथे गावाच्या बाजूने काही बोलतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासी कुटुंबास आपली कसणूक १३ डिसेंबर २००५ पूर्वीची असल्याचे दाखवावे लागते. पुष्कळ ठिकाणी त्या वर्षीच्या उपग्रहचित्रावर बोट ठेवून दावे फेटाळण्याची रीत पडली. त्या काळी प्रचलित असलेल्या भारतीय चित्रातील चौकट सुमारे साडेतेवीस मीटरांची होती. तीत वीस गुंठ्यांचे शेत चार चौकटीसुद्धा भरत नाही, आणि ते त्या साली पडीक ठेवलेले असेल तर त्याचे झुडूप होऊन जाते. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली, ती स्पष्ट आहे: उपग्रहचित्र हे इतर पुराव्यास पूरक म्हणून वापरावे, त्याच्या जागी नव्हे. म्हाताऱ्या माणसाची साक्ष, जुनी विहीर, पूर्वजांची समाधी, देवाचे ठाणे हाही पुरावाच होय. पण हे अधिकाऱ्यापुढे नकाशा उलगडून कोण सांगणार? नकाशाला उत्तर नकाशानेच द्यावे लागते. प्राणहितेपलीकडे गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. त्यामागे गावाने वर्षानुवर्षे बसून केलेला अभ्यास होता.

कागदावरील रेघ काय करते, हे या भागातील मराठी माणसास शिकवावयास नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबादपासून तुटून मुंबई राज्यात गेले; सागाच्या रानाला त्याची खबर नव्हती. जिवती तालुक्यातील चौदा सीमावर्ती गावांवर तर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. तेथे लोकांनी दोन ग्रामपंचायती आणि दोन्हींकडचे मतदान पाहिले आहे. (जाता जाता: हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. मोजणीदारांचा हा मार्ग दोनशे वर्षे जुना आहे.)

आता पत्रलेखक बंधूंच्या खर्चाच्या प्रश्नाकडे येतो. हैदराबादला जवाहरलाल नेहरू तंत्रविद्यापीठात या नकाशाविद्येचा पदव्युत्तर अभ्यास आहे. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेत पर्यावरणशास्त्र व भूमाहितीशास्त्र एकाच छताखाली शिकवितात. मुलीचे मन रानाकडे अधिक असेल, तर ती जागा पाहावी. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हेच शिकवीत आली आहे. ती संस्था घरबसल्या शिकता येणारे छोटे अभ्यासक्रम विनाशुल्क चालविते. आमचा आग्रह असा की, मुलीने प्रथम असा एक अभ्यासक्रम पुरा करावा. क्यूजीआयएस ही नकाशा काढण्याची प्रणाली फुकट मिळते, लँडसॅटची चित्रे २००८ पासून फुकट आहेत, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भुवन' संकेतस्थळावर आपल्या देशाची चित्रे पाहता येतात. तीन महिन्यांत तिला कळेल की हे काम तिला रुचते की नाही. मगच प्रवेशाचा विचार करावा.

शेत गहाण टाकू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीन न देता कर्ज मिळते. संस्था त्या यादीत आहे काय, हे अर्जापूर्वी पाहावे. शिष्यवृत्तीची चौकशीही आधी करावी, मागाहून नव्हे.

नोकरीचे खरे सांगतो. या विद्येतील पुष्कळ पदवीधर शहरातील कंपन्यांत बसून दूरदेशीच्या रस्त्यांच्या व घरांच्या रेघा ओढतात. पगार मिळतो, रान दिसत नाही. वनखात्यांची कामे, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, संशोधन संस्थांचे प्रकल्प हेही मार्ग आहेत, पण तेथे जागा थोड्या आणि पुष्कळदा मुदतीच्या. मुलीला दोन-तीन वर्षे धीर धरावा लागेल. घरच्यांनी त्या काळात लग्नाचा तगादा लावू नये, एवढी आमची विनंती. मात्र प्रवेशाच्या मुलाखतीत तिच्यापाशी जे असेल, ते शहरातील हुशार मुलांपाशी नसेल. मोहाची फुले वेचावयास बायका पहाटे कोणत्या वाटेने जातात, कोणता नाला मार्चमध्ये आटतो आणि कोणता मेपर्यंत टिकतो, गोंडी, तेलुगू आणि मराठी या तिन्ही बोलींत एकाच ओढ्याला कोणती तीन नावे आहेत, हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. नकाशातील चौकटीस अंक देताना मात्र नेमके हेच लागते.

तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी एक काम तिने करावे. आजोबांना, किंवा गावातील जो कोणी सर्वांत वयस्कर असेल त्याला सोबत घेऊन शिवाराच्या कडेने एक फेरी मारावी. हातातील फोनमध्ये स्थाननोंद चालू ठेवावी. बुजलेली विहीर, जुना पाणवठा, गुरांची वाट, वाघाचे पाऊल जेथे दिसले ती जागा, अशा प्रत्येक ठिकाणी थांबून ते सांगतील ते नाव त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. उन्हे चढण्यापूर्वी निघावे. म्हाताऱ्या माणसाला इतके चालणे एका दिवसात झेपणार नाही, दोन दिवस लागतील.