दुःखी माणसाचं पाप शोधू नका

साक्री तालुक्यातल्या भावाबहिणींनो, एक विनंती आहे. कुणाचा तरणा मुलगा सुरत हायवेवर गेला, कुणाचं लेकरू जन्मापासून आंधळं निघालं, कुणाच्या घरी वर्षात दोन तिरड्या उठल्या, तर दारावर जाताना एक वाक्य घरीच ठेवून जा. ‘काय पाप केलं असेल कोणास ठाऊक!’ अहिराणीत तर ते आपल्या तोंडून आणखी सहज निघतं, ‘मागला जलमनं पाप, दुसरं काय!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. गंधमुक्तीचं जेवण झालं की तो स्वतः विसरूनही जातो. ज्या आईने ते ऐकलं ती मात्र विसरत नाही. रात्री अंथरुणावर पडून ती आपलं सगळं आयुष्य उलटंपालटं करून ते पाप शोधत राहते.

निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का येतं, आणि देव न्यायी असेल तर तो बघत कसा राहतो, हा प्रश्न ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत फार जुना आहे. ज्यू म्हणजे कुणी लांबचे लोक नव्हेत. अलिबाग-पनवेलकडचे बेने इस्राएल, ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, ते घरात मराठी बोलणारे ज्यूच. या लोकांच्या ग्रंथांत ईयोब नावाच्या माणसाची गोष्ट आहे. माणूस सज्जन, देवाला भिणारा, गुराढोरांनी भरलेला. एकाच दिवसात गुरं गेली, चाकर मारले गेले, वादळात घर कोसळून सात मुलगे आणि तीन मुली दगावल्या. मग त्याच्या अंगभर फोड उठले. तो राखेत बसून खापराच्या तुकड्याने अंग खाजवू लागला.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र भेटायला आले. त्याची दशा बघून मोठ्याने रडले, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. अवाक्षर काढलं नाही. इथपर्यंत त्यांच्यासारखे मित्र कुणालाही मिळावेत असं मी म्हणेन. आठव्या दिवसापासून ते बोलायला लागले आणि सगळं बिघडलं.

त्यांचा हिशेब सरळ होता. देव न्यायी आहे, तो उगाच कुणाला मारत नाही, म्हणजे ईयोबाने काहीतरी केलंच असणार. बिल्दद तर पोरं गमावलेल्या बापाला सांगतो की तुझ्या पोरांनी पाप केलं असेल. अलीफज त्याच्याही पुढे गेला. गरिबांचे कपडे तू काढून घेतलेस, तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हातांनी परत धाडलंस, असे आरोप त्याने धडाधड केले. त्यातला एकही त्याने डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हिशेब जुळत नव्हता म्हणून त्याने पाप मनाने रचलं. ही जागा नीट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

ईयोबाने मात्र देवालाच कोर्टात खेचलं. माझा गुन्हा दाखव म्हणाला, भांडला, जन्मल्या दिवसाला शिव्या दिल्या. शेवटी देव बोलला, पण दुःखाचं कारण त्याने सांगितलं नाही. निकाल मात्र दिला. राग निघाला तो तिघा मित्रांवर, की ईयोब माझ्याविषयी खरं बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. जे सबंध वेळ देवाची बाजू घेऊन बोलत होते त्यांनाच देवाने चुकीचं ठरवलं, आणि भांडणाऱ्याला खरं म्हटलं. एवढ्या जुन्या धर्मग्रंथात हे लिहिलेलं सापडावं याचं मला अजूनही नवल वाटतं.

गोष्टीचा शेवट मला समाधान देत नाही, तेही सांगून टाकतो. ईयोबाला मेंढरं, उंट, बैल दुप्पट मिळतात. मुलं पुन्हा दहा होतात, पण आधीची दहा काही परत येत नाहीत. देवाने भरपाई केली असं म्हणून हा प्रश्न मिटवू नये.

ज्यू पंडितांनी या गोष्टीतून नियमच काढला. तालमूद या त्यांच्या मोठ्या ग्रंथात शब्दांनी दुसऱ्याला दुखावण्याची मनाई आहे. दुखणी आलेल्या किंवा मुलं गमावलेल्या माणसाशी ईयोबाच्या मित्रांसारखं बोलू नये, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. ज्यू घरात मयत झाली की सात दिवसांचं सुतक पाळतात. तिथे भेटायला गेलेल्याने घरच्या माणसाआधी तोंड उघडायचं नसतं. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर बसून उठून यायचं. दारावर जाण्याची रीत आपल्याकडेही आहे. तिच्यात एवढी भर घालायला काय हरकत आहे?

येशूपुढेही हाच प्रश्न दोनदा आला. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? त्याचं नाही आणि आईबापांचंही नाही, असं सांगून येशू त्याच्या डोळ्यांच्या कामाला लागला. दुसऱ्या वेळी त्यानेच शिलोहाच्या बुरुजाची आठवण काढली. तो बुरूज पडून अठरा माणसं ठार झाली होती. ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? नाही, म्हणाला, आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांनाच सुधारायला सांगितलं. मेलेल्यांची चौकशी थांबवून त्याने उभ्या असलेल्यांची सुरू केली.

आम्ही ख्रिस्ती लोक हे विसरतो. पाड्यापाड्यावर प्रार्थनेला जाताना दिसतं, आजारी माणूस बरा झाला नाही की कुणीतरी म्हणतंच, विश्वास कमी पडला. हा अलीफजचाच पाढा. ज्याच्या नावाने आपण प्रार्थना करतो तोच क्रुसावर, तू मला का टाकलंस, असं ओरडला होता, आणि त्या वेळी त्याला वरून काही उत्तर आलं नव्हतं. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायचं आहे का आपल्याला?

विधवेला पांढऱ्या पायाची म्हणणारी तोंडंही अजून संपलेली नाहीत. पंडिता रमाबाईंनी 1887 साली इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिलं. वैधव्य म्हणजे बाईच्या मागच्या जन्मीच्या अपराधाची शिक्षा मानतात, हे त्यांनी त्यात मांडलं. त्या स्वतः दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. ‘का’ विचारायचा हक्क त्यांच्याइतका कुणाला असेल! 1889 साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या.

आता आपल्या घरचं बोलू. 1 जुलै 2018, रविवार, आपल्याच तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे भिक्षेसाठी आली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला म्हणे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरतच होते. जमाव धावून गेला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे त्यांना मरेपर्यंत मारलं. टोळी नव्हती. कुणाचं मूल पळवलेलं नव्हतं. त्याच रात्री मालेगावात लहान मुलासह एक कुटुंब असंच जमावाच्या हाती सापडलं होतं, पोलिसांनी ते सोडवलं म्हणून वाचलं.

राईनपाड्यानंतर कितीतरी लोक म्हणाले, काहीतरी केलंच असेल, उगाच कोण कुणाला मारतं! अलीफजची ती जागा ही. माणसं मेली, हिशेब जुळत नाही, मग मेलेल्यांच्या माथी पाप मारून मोकळं व्हायचं. आधी अफवेने त्यांना चोर केलं, मग आपल्या बोलण्याने.

ज्यूंच्या नियमशास्त्रात, अनुवाद या पुस्तकात, एक चमत्कारिक विधी आहे. रानात कुणाचं प्रेत सापडलं आणि मारणारा कळत नसेल, तर वडीलधाऱ्यांनी यायचं, प्रेतापासून आजूबाजूच्या गावांचं अंतर मोजायचं. जे गाव जवळ निघेल त्याच्या पंचांनी वाहत्या ओढ्याच्या दरीत एका कालवडीची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि आपण हे रक्त सांडलं नाही, अशी शपथ घ्यायची. पुढच्या काळात मिश्ना या नियमांच्या संग्रहात पंडितांनी विचारलं, पंचांना खुनी समजणार तरी कोण? मग शपथ कशाला? आणि त्यांनीच सांगितलं, शपथ याची, की हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला जेवू न घालता घालवलं, असं झालं नाही. त्याला पाहूनही आम्ही सोबतीशिवाय एकटा सोडला, असं झालं नाही.

कालवड मारायची पद्धत मला पटत नाही. पण ती मोजपट्टी पटते, आणि तो प्रश्न. राईनपाड्याला तर अंतर मोजायचीही गरज नव्हती, खोली गावच्याच पंचायतीची होती. शेकडो माणसं होती. कितीजण मारत होते, ते ठरवणं कोर्टाचं काम. बाकीचे मोबाइल धरून उभे राहिले किंवा बाजार गुंडाळून घराकडे निघाले. त्यांनी काय करायला हवं होतं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, कारण त्या जागी आपणही असू शकतो. देव तिथे काय करत होता ते मला सांगता येत नाही. आपण काय करू शकत होतो ते सांगता येतं.

सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात, 17 जुलै 2018 ला, प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखायला पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमायचे आदेश दिले. व्हॉट्सॲपनेही तेव्हाच एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण बाजारात दगड उचललेला हात धरायला अधिकारी धुळ्याहून वेळेवर पोहोचेलच असं नाही. तो आपल्यालाच धरावा लागेल.

म्हणून हे सांगणं. मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, आधी पोलीस पाटलाला दाखवा. बाजारात अनोळखी माणसं आली तर नाव-गाव विचारा, पाणी द्या, दुपारची वेळ असेल तर भाकर द्या, आणि गर्दी जमायला लागली तर त्यांच्याजवळ जाऊन उभे राहा. 112 हा नंबर आपल्या आणि घरातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा. आणि कुणी गेलं तर दारावर जरूर जा, जमिनीवर बसा, घरचा माणूस बोलेपर्यंत गप्प राहा.